पंप येईपर्यंत रहाटाला हात लावू नये

आत्माराम चुरी रागावले की आधी चष्मा काढतात. का काढतात ते त्यांनाही ठाऊक नाही. चष्म्याशिवाय समोरचा माणूस त्यांना धड दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या माणसाला वाटेल ते बोलणं सोपं जात असावं. वसईजवळच्या गास गावात त्यांच्या वाडीच्या आजूबाजूला राहणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे. चष्मा नाकावर असेल तर केळीच्या भावावर खुशाल गप्पा मारा. चष्मा हातात दिसला की मुकाट्याने आपली वाट धरा. त्या उन्हाळ्यात चष्मा बहुतेक हातातच होता.

आणि का नसावा? संत माणसाचंही डोकं फिरलं असतं, आत्माराम तर बँकेतून निवृत्त झालेले.

हे समजायला आधी बावखल समजायला हवं. वसईतलं खरं बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. लागेल त्याने पाणी न्यावं. हे बावखल संगणकातलं. विंडोजच्या जागी चालणारी, लिनक्सवर उभी केलेली, मराठी बोलणारी फुकट प्रणाली. वसई मुक्त संगणक मंडळाने ती बनवली आणि गावागावांतल्या वाचनालयांच्या, शाळांच्या जुन्या संगणकांवर बसवली. तिच्यात नवा प्रोग्रॅम हवा असेल तर दुकानात जायचं नाही. मंडळाच्या सामायिक साठ्यातून ओढून घ्यायचा. हे ओढून आणण्याचं काम जो गडी करतो त्याला जगात पॅकेज मॅनेजर म्हणतात. बावखलमध्ये त्याचं नाव रहाट. आणि हा रहाट आत्मारामांनी स्वतः, बँकेची नोकरी सांभाळून, रविवार जाळून लिहिला होता.

रहाट कुरकुरायचा, पण पाणी आणायचा. मग मंडळाचे अध्यक्ष विलास म्हात्रे यांना वाटलं की जमाना पंपाचा आहे. नवा पॅकेज मॅनेजर लिहायचं ठरलं, त्याचं नाव पंप ठेवलं, आणि तो लिहायला प्रणव राऊत नावाचा मुंबईत नोकरी करणारा, तिशीतच टक्कल पडू लागलेला तरुण मिळाला. आत्मारामांचा जाहीर सत्कार झाला. आपल्याकडे माणसाला घालवायचं असेल तर त्याला शाल देतात. शाल खांद्यावर, नारळ हातात, आणि दोन्ही हात गुंतलेले असताना रहाटाच्या किल्ल्या विलासरावांनी काढून घेतल्या. साठ्यात काही घालायचं, काढायचं तर या किल्ल्या लागतात. त्याच सभेत ठराव झाला: ‘पंप येईपर्यंत रहाटाला हात लावू नये.’

पंप दिवाळीला येणार होता. दिवाळी गेली. मग निर्मळच्या जत्रेला येणार होता. जत्रेत सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी आली, पंप आला नाही. मग नाताळ. मग ईस्टर. कुठल्या वर्षीचा ईस्टर, असं आत्मारामांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तेव्हा कोणी तरी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि कोणी तरी सुप्रभात केलं.

तोवर आत्माराम धुसफुसत होते, एवढंच. घरातला संगणक मुका झाला तेव्हा ते पेटले.

हा संगणक मनोरमा आत्याचा. आत्या म्हणजे आत्मारामांच्या वडिलांची धाकटी बहीण, शाळेत मुलांना आयुष्यभर शिकवलेली, आणि आता डोळ्यांनी पार अधू झालेली. बावखलमध्ये ‘वाचक’ नावाचा प्रोग्रॅम आहे; तो पुस्तक मोठ्याने वाचतो. आवाज सपाट, भाव शून्य. पण आत्याला तो प्राणाहून प्रिय. जेवण झालं की ती खुर्चीत बसायची, चाचपून बटण दाबायची, आणि संध्याकाळच्या चहापर्यंत रहस्यकथा ऐकायची. एके दिवशी सकाळी संगणकाने आपणहून काही तरी नवं चढवून घेतलं आणि दुपारी वाचक बोलेना. नेमका इन्स्पेक्टर कपाट उघडायला गेला होता. त्याचा हात कपाटाच्या कडीवर राहिला, तो राहिलाच.

आत्मारामांनी पाहिलं. वाचकाला लागणारं एक बारीकसं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचं गाठोडं, जुनं पडलं होतं. नवं आणायला रहाटाला सांगितलं तर रहाट उत्तरला: ‘हे पॅकेज गोठवले आहे. कृपया पंपाची वाट पाहावी.’

“मी लिहिलेला रहाट मलाच ‘कृपया’ म्हणतो!” आत्माराम ओरडले आणि चष्मा निघाला.

त्यांनी ते पॅकेज हाताने बसवलं. वाचक बोलला. आत्या खूश झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रहाटाने ते उचलून फेकून दिलं, कारण आपल्यातर्फे न आलेली कुठलीही वस्तू घरात ठेवायची नाही असा त्याचा नियम होता.

“इतका खडूस नियम कोणी हो लिहिला?” मालनने, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं.

नियम आत्मारामांचाच होता, आणि एके काळी त्यावर त्यांनी भाषणंही दिली होती. तो सैल करायचा तर किल्ली हवी, आणि किल्ली शालीबरोबर गेलेली.

आता शेजारधर्म सुरू झाला. एखाद्याच्या घरातलं काही बिघडलं की गावातल्या प्रत्येकाला ते दुरुस्त करता येतं. रिक्षावाल्याने सांगितलं, बंद करून चालू करा. दूधवाल्याने सांगितलं, आमच्या पोराने विंडोज टाकलं तेव्हापासून त्रास नाही, फक्त स्क्रीन निळी होते. समोरच्या रेजिना डाबरे तर स्वतःचा मोबाइलच घेऊन आल्या. “आत्यांना ह्याच्यावर ऐकवा. माझी सासू रोज ऐकते.” मोबाइलवर कुठलीशी दुसरीच रहस्यकथा लावली. आत्याने थोडा वेळ ऐकली आणि मोबाइल परत केला.

“काय झालं आत्या?”

“खुनी खिडकीतून आत आला, आणि एकदम विरारला स्टेशनजवळ वन बीएचके घ्या म्हणाला. नको गं बाई. असल्या खुन्याचं मला कौतुक नाही.”

शेवटी सगळ्यांचा सल्ला एकाच जागी येऊन थांबायचा: अहो, तुम्हीच वाचून दाखवा ना! जसं काही हे आत्मारामांना सुचलंच नव्हतं. मालनने वाचलं होतं. पण ती पहाटे उठून फुलं तोडणारी बाई, दुसऱ्या पानावर तिचा डोळा लागायचा आणि आत्याच तिच्या अंगावर चादर घालायची. मग आत्मारामांनी स्वतः वाचलं. पण त्यांना तो इन्स्पेक्टरच सहन होईना. “हा गाढव त्या डॉक्टरला एक प्रश्न विचारत नाही!” म्हणून ते मधेच पुस्तकाशी भांडायचे. आत्याने “काय म्हणाला डॉक्टर? परत वाच” म्हटलं की, “आत्या, आत्ताच तर वाचलं!”

तिसऱ्या खेपेला आत्याने पुस्तक मिटायला सांगितलं.

“आत्म्या, राग मानू नकोस. तू चांगला आहेस. पण डोळे गेल्यापासून मी दिवसभर मागतेच आहे. पाणी दे, काठी दे, चिठ्ठी वाच, गोळी कुठली ती सांग. सगळे देतात, कोणी नाही म्हणत नाही. पण मागावं लागतं रे. ही एकच गोष्ट होती जी मला कोणाकडे मागावी लागत नव्हती. त्याला दहादा परत म्हणायला लावलं तरी तो सुस्कारा सोडत नाही.”

आत्माराम एवढंच म्हणाले, “आत्या, तुझा वाचक बोलेल. माझा शब्द.” शब्द दिला आणि माणूस अडकला.

त्यांनी ग्रुपवर लिहिलं की एकच पॅकेज सोडा, बाकी तुमचा पंप तुम्हाला लखलाभ. त्यावर जी चर्चा झाली तिला चर्चा म्हणणं म्हणजे चर्चेचा अपमान. एकाने लिहिलं, आज एक पॅकेज सोडलं तर उद्या सगळे मागतील. मागू देत की! साठा कशासाठी आहे, पूजेला? दुसऱ्याने लिहिलं की पंप ज्या संगणकभाषेत लिहिला जातोय तीच मुळात चुकीची आहे. त्याच्यावर तिसरा तुटून पडला. चौथ्याने पंपाच्या बोधचिन्हात निळा रंग हवा की हिरवा, हा विषय काढला, आणि त्यावर मात्र सगळं मंडळ जागं झालं. नसलेल्या पंपाचा रंग! शेवटी विलासरावांनी लिहिलं: ‘आत्मारामभाऊंनी रीतसर अर्ज करावा. अर्ज नवीन पोर्टलवरच स्वीकारले जातील. पोर्टल पंपासोबत सुरू होईल.’

हे वाचून आत्मारामांनी चष्मा नुसता काढला नाही. तो इतक्या जोरात टेबलावर आपटला की एक काडी वाकडी झाली. ती नीट करायला माणिकपूरला जावं लागलं, आणि दुकानदाराने वर सल्ला दिला की आता नवीन फ्रेमच घ्या, जुन्याला किती दिवस ओढणार. त्या बिचाऱ्याला काय कल्पना! आत्मारामांनी त्याला अख्खा रहाट ऐकवला.

सभा रविवारी संध्याकाळी होती, माणिकपूरच्या एका शाळेच्या वर्गात. वर्ग पहिलीचा. मंडळाच्या खजिनदार कार्मिन लोपीस तिथे शिकवायच्या, म्हणून किल्ली त्यांच्याकडे आणि बाकं पहिलीची. साठी उलटलेले, पोट सुटलेले सभासद त्या बाकांत कसेबसे शिरले. आत्माराम रागाच्या भरात पहिल्याच बाकात घुसले, आणि घुसताना उजवा गुडघा जो खालच्या फळीत गेला तो तिथेच राहिला. आता उभं राहून बोलायचं तर बाकासकट उभं राहावं लागलं असतं.

त्यांचा विषय अर्थातच शेवटी, ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात. आधी मागील इतिवृत्त वाचलं गेलं, त्यातल्या एका वाक्यावर वाद झाला, मग चहा कुठून मागवायचा यावर जास्त वाद झाला. मग प्रणवला पंपाची प्रगती विचारली. तो खाली बघत म्हणाला, “ऐंशी टक्के झालंय.” मागच्या सभेतही तो ऐंशी टक्केच म्हणाला होता.

मग आत्माराम बसल्या जागेवरून बोलले. चष्मा मुठीत, आवाज खणखणीत. एक म्हातारी बाई, एक मुका संगणक, एक गोठवलेलं पॅकेज. बोलून झाल्यावर विलासराव कनवाळूपणे हसले.

“आत्मारामभाऊंच्या भावना आम्ही समजू शकतो.”

“भावना नाहीत हो त्या, पॅकेज आहे!”

“पण धोरण म्हणून काही असतं की नाही? पंप आला की आत्यांचा वाचक आपोआप सुरू होईल. थोडा धीर धरा.”

“धीर? पंप येईपर्यंत आत्या टिकायला नको का?” आत्माराम ओरडले. “तिचं वय काय, तुमच्या तारखा काय! तिने आयुष्यभर पोरांना वाचायला शिकवलं, आणि आज तिला वाचायला तुमच्या ठरावाची परवानगी लागते? लाजा वाटत नाहीत? मतदान घ्या! आत्ताच्या आत्ता घ्या!”

दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. क्षणभर असं वाटलं की मतदान होणार आणि आत्माराम जिंकणार. एवढ्यात कोणाचा तरी मोबाइल वाजला. त्याने हळूच बघितलं, शेजाऱ्याच्या कानात सांगितलं, आणि बातमी बाकाबाकांतून मागे गेली: अर्नाळ्याला होड्या लागल्यात, पापलेट भरपूर आहे.

बस्स. आगाशी-बोळींजकडचे सभासद एकेक करून ‘जरा जाऊन आलो’ म्हणत उठले. नीतिमत्तेचा प्रश्न पापलेटपुढे टिकल्याचं कोणी पाहिलंय का? विलासरावांनी उरलेली डोकी मोजली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“गणपूर्ती नाही! सभा तहकूब. तहकूब सभा अर्ध्या तासाने याच ठिकाणी होईल,” असं म्हणून तेही पिशवी घेऊन निघाले.

तहकूब सभा ही आपल्याकडची एक थोर सोय आहे. अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरते, आणि तिला गणपूर्तीचं बंधन नसतं. प्रत्यक्षात परत कोणीच येत नाही. अध्यक्ष घरी जाऊन लिहून टाकतात की सभा झाली आणि सगळं त्यांच्या मनासारखं मंजूर झालं. विलासरावांनी पंपाची प्रत्येक मुदतवाढ अशीच मंजूर केली होती. आत्मारामांना हे माहीत होतं. म्हणजे हरलो. निघून जावं म्हणून त्यांनी गुडघा ओढला. बाक हलला, गुडघा हलला नाही.

“कार्मिनबाई,” ते दातओठ खात म्हणाले, “मला बाहेर काढा.”

कार्मिनबाईंना वर्ग बंद करून जायचं होतं, म्हणून त्या थांबल्या होत्या. त्यांनी बाक ओढून पाहिला, आत्मारामांना ओढून पाहिलं. काही फरक पडला नाही. दोघं घामाघूम होऊन बसले असताना दारात प्रणव आला. त्याचा चार्जर राहिला होता.

या प्रणवसाठी आत्मारामांनी वर्षभर एक भाषण मनात तयार ठेवलं होतं. आज मुहूर्त होता. त्यांनी सुरुवात केली, “तुझ्या त्या पंपाने—”

“काका, पंप नाहीये,” प्रणव म्हणाला.

“नाहीये म्हणजे?”

“म्हणजे होणार नाही. मला एकट्याला जमण्यासारखं ते नाहीच. दोन-तीन महिन्यांतच कळलं होतं मला.”

“आणि ऐंशी टक्के?”

“काहीतरी सांगायला हवं ना.”

“अरे गाढवा! मग बोलला का नाहीस?”

प्रणव बाकाच्या कडेवर टेकला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. “कसं बोलणार, काका? सुरुवात करायच्या आधीच त्यांनी माझा सत्कार केला. स्टेशनबाहेर फ्लेक्स लावला, ‘पंपाचे जनक’ म्हणून. आईने तो फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. शाल घेतल्यावर नाही कसं म्हणायचं?”

आत्मारामांनी विचारलं, “शाल कसली? मोरपंखी?”

“हो. टोचते.”

“माझीही टोचते,” आत्माराम म्हणाले, आणि वर्षभर घोकलेलं भाषण तिथेच संपलं. राग मात्र संपला नाही. तो फक्त बाजूला सरकून विलासरावांच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसला.

कार्मिनबाई घड्याळ बघत होत्या. “आत्मारामभाऊ, अर्धा तास झाला की.”

“मग?”

“मग सभा सुरू करायची ना? नियम आहे. आपण तिघं सभासद आहोत.” बाईंनी इतकी वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला होता, खोडी काढणारं पोर बाहेर गेल्याची संधी कशी साधायची हे त्यांना शिकवावं लागत नाही. “तुम्ही ज्येष्ठ, तुम्ही अध्यक्ष. उठू नका हां.”

उठणार कुठून! पहिलीच्या बाकात अडकलेल्या अध्यक्षांनी सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं. ‘पंप येईपर्यंत’ हा ठराव रद्द करून रहाट पुन्हा सुरू करावा, असं कार्मिनबाईंनी सुचवलं. अनुमोदन कोण देणार म्हणून दोघांनीही प्रणवकडे पाहिलं. पंपाच्या जनकाने हात वर केला आणि इतका मोठा श्वास सोडला की फळ्यावरचा खडू उडाला असता.

“किल्ल्या?” आत्मारामांनी विचारलं.

“विलासकाकांना त्या वापरता येत नाहीत. माझ्याकडेच आहेत.” त्याने लॅपटॉप उघडला, आणि दोन डोकी त्यावर एकत्र वाकली. वाचकाचं पॅकेज साठ्यात चढलं. आणखी बरीच पॅकेजं खोळंबली होती, तीही चढली. मग तिघांनी मिळून गुडघा सोडवला. कार्मिनबाईंनी बाकाला खोबरेल लावलं, जे त्या मुलांची बोटं अडकतात म्हणून कपाटात ठेवायच्या.

दाराला कुलूप लावत असताना घरी परतणारे विलासराव वाटेत थांबले. हातातल्या पिशवीतून पापलेटची शेपटी बाहेर डोकावत होती.

“अरे, निघालात? ती तहकूब सभा मी घरी जाऊन—”

“झाली,” कार्मिनबाई म्हणाल्या.

“झाली कशी? अध्यक्ष मी आहे!”

“तुम्ही मासळीला गेला होतात,” आत्माराम म्हणाले. चष्मा हातात होता, त्यामुळे विलासरावांचा चेहरा त्यांना नीट दिसला नाही. याची हळहळ त्यांना पुढे कितीतरी दिवस वाटली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या खुर्चीत बसली होती. तिने काही विचारलं नाही. आत्मारामांनी संगणकासमोर बसून रहाटाला हुकूम सोडला. रहाट कुरकुरला, थांबला, आणि ‘कृपया’ न म्हणता पाणी घेऊन आला. त्यांनी आत्याचं बोट बटणावर नेऊन ठेवलं. तिने दाबलं.

‘इन्स्पेक्टरने कडी काढली आणि कपाट उघडले,’ वाचक सपाट आवाजात म्हणाला.

“आत्या, ऐक,” आत्माराम उत्साहाने उसळले, “सभेत काय धमाल झाली सांगतो. तो विलास—”

आत्याने हात वर केला, वर्गात करायची तसा. “आत्म्या, गप्प बस. नंतर सांग.”

“नंतर कशाला? आत्ताच ऐक!”

“तुला काही परत विचारलं की तू चिडतोस. हा चिडत नाही.”

एवढं रामायण करून घरात ही किंमत! आत्मारामांनी चष्मा काढला. तोंड उघडलं. तोवर आत्याने दुसरं बटण चाचपलं होतं, परत म्हणायला लावायचं. ‘इन्स्पेक्टरने कडी काढली आणि कपाट उघडले.’ तिने पुन्हा दाबलं. वाचकाने पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा दाबलं. कपाट पुन्हा उघडलं. आत्या खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून, एखादी लहान मुलगी झोपाळ्यावर बसावी तशी हसत होती.

मालन स्वयंपाकघराच्या दारात आली. “अहो,” ती हळूच म्हणाली, “आत्यांना ऐकू जात नाहीये का? आवाज वाढवा ना जरा.”

“जातंय ऐकू,” आत्माराम म्हणाले आणि चष्मा पुन्हा नाकावर ठेवला.